एकतारी की पेटी? गळ्याच्या नमुन्याच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून माझा आवाज बसलेला आहे. दुपारच्या सुटीपर्यंत गळा साथ देतो, पुढे नुसती खरखर. शनिवारी यवतमाळला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आले. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी माझं स्वरयंत्र मलाच पडद्यावर दाखवलं. मोत्यासारख्या पांढऱ्या दोन कडा. श्वास घेतला की चिमट्यासारख्या फाकतात, 'ई' म्हटलं की मिटतात. दोन्ही कडांवर, पुढच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर, समोरासमोर एकेक बारीक उंचवटा होता. बोलताना कडा तिथेच सर्वांत जोरात आपटतात, म्हणून घट्टेही तिथेच पडतात. कुदळीच्या दांड्याने तळहाताला पडतात तसेच.

घरी येऊन हिशेब केला. बाईच्या आवाजात या कडा सेकंदाला साधारण 200 वेळा उघडमीट करतात. सलग तासभर सूर लावला तर 7,20,000 वेळा. बोलताना मधे थांबे येतात, श्वास येतो, तरी दिवसाचा आकडा लाखांतच राहतो. वीस वर्षं शिकवते आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं: ओरडायचं नाही, कुजबुजायचंही नाही, पाणी पीत राहायचं. कुजबुजताना कडा थरथरत नाहीत हे खरं, पण माणूस गळा आवळून जोर लावतो. प्यालेलं पाणी थेट कडांवर पडत नाही, पडलं तर ठसकाच लागेल. ते रक्तावाटे अंगात मुरून आतून ओलावा देतं. वर्ग शांत करायला आता टाळी आणि पितळी घंटी.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला महिना आहे. सातवी-आठवीची पाच मुलं निवडली. विषय ठरला: आवाज कसा निघतो. चालणारा नमुना करायचा, थर्माकोलचा रंगवलेला नाही.

22 नोव्हेंबर

सुरुवात ओठांपासून केली. लहानपणी सगळ्यांनी ट्रॅक्टर चालवलाय तोंडाने. "भुर्रर्र करा," म्हटलं. पाचही जणांनी केलं. मग विचारलं, ओठ तुम्ही हलवता का? एक जण म्हणाला, "नाई मॅडम, हवाच हालवते. आपन फक्त मिटून ठेवाचे." याच्यापुढे मला शिकवायला फारसं उरलं नव्हतं. ओठ सेकंदाला वीस-तीस वेळा कोणी मुद्दाम हलवू शकत नाही. मिटलेल्या ओठांमागे दाब साठतो, ओठ फाकतात, हवेचा एक फुगारा सुटतो, ओठ आपल्या लवचीकपणाने परत मिटतात, पुन्हा दाब साठतो. गळ्यातही हेच, फक्त कितीतरी वेगाने.

गळ्यातल्या या कडांना पुस्तकातला शब्द मात्र 'स्वरतंतू'. तंतू म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तार येते. आठवीतल्या मोठ्या मुलाने गळ्याबद्दल नेमकं विचारलं, "मॅडम, गया एकतारीवानी हाय का पेटीवानी?" गावात भजनमंडळ आहे, दोन्ही वाद्यं मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. एकतारीत तार छेडली की तार वाजते. पेटीत भात्याची हवा पितळी पट्टीला थरथरवते. पट्टीचा स्वतःचा आवाज जेमतेम, ती हवा कापते आणि कापलेली हवा सूर होते.

उत्तर मी दिलं नाही. म्हटलं, दोन्ही करून बघू.

23 नोव्हेंबर

एकतारीची तार आणून दोन तुकडे नळीच्या तोंडावर समांतर ताणले आणि खालून फुंकलं. नुसती हवा. तार सैल केली, घट्ट केली, जवळ आणली. काही नाही. फुंकून फुंकून एकाला चक्कर आल्यावर थांबवलं.

या चुकीला जुनी परंपरा आहे. 1741 साली फ्रान्सच्या आंत्वान फेरँ यांनी मेलेल्या माणसांच्या व प्राण्यांच्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढला आणि त्या कडांना व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली. त्यांच्या डोळ्यांसमोर हवा गजासारखी तारांवरून फिरत होती. प्रयोग खरा होता, पण नाव तारेचं पडलं. तेच नाव भाषेभाषेतून फिरत आमच्या पुस्तकात येऊन बसलं. खरं तर त्या घड्या आहेत: आत स्नायू, वर मऊ त्वचा. मुलांनी त्यांना 'गळ्यातले ओठ' म्हणायचं ठरवलं. मला हा शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा बरोबर वाटतो.

26 नोव्हेंबर

एक इंची पीव्हीसी पाइपचं तोंड आरीपानाने दोन्ही बाजूंनी तिरपं कापलं, घराच्या छपरासारखं. फुग्याचं रबर दोन तुकड्यांत त्या दोन उतारांवर ताणून चिकटवलं. शेंड्यावर दोन रबरी कडा समोरासमोर, मधे केसभर फट. खालून फुंकल्याबरोबर वाजलं! मोठा, घोगरा, जरा रेडकासारखा आवाज. बाजूच्या वर्गातून पोरं धावत आली.

फट जास्त ठेवली की नुसता फुसकारा येतो. कडा फार दाबल्या तर हवाच निघत नाही. आपणही बोलण्याआधी कडा फक्त जवळ आणतो, पुढचं काम हवेचं.

हवा कुठून आणायची यावर वाद झाला. सायकलचा पंप धक्क्याधक्क्याने हवा देतो. एकाने घरचा फवारणीचा पंप सुचवला. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. 2017 साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. तो पंप सात वेळा धुतला तरी मुलांच्या तोंडाजवळ येणार नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब मिळाली. ती फुगवून वर एकाने बसायचं, वजन देईल तसा सूर लांबतो. तेच आमचं फुप्फुस.

28 नोव्हेंबर

तीन जण गैरहजर. कापूस वेचणी. रबर उन्हाने चिरलं, नवे फुगे आणले.

1 डिसेंबर

रविवार. ज्या दोघांच्या घरून हरकत नव्हती त्यांना माझ्या घरी बोलावलं. खाटकाकडून सकाळीच बकऱ्याचं नरडं आणलं होतं, श्वासनळीच्या चार-पाच कड्यांसकट. मिठाच्या पाण्यात ठेवलं, कारण सुकलं की त्याचा उपयोग नाही.

पुढे ढालीसारखी कूर्चा, म्हणजे मऊ हाड. माणसात हीच कंठमणी म्हणून दिसते. तिच्याखाली अंगठीसारखी पूर्ण गोल कूर्चा, मागच्या बाजूला रुंद, जणू खडा मागे वळवलेली अंगठी. त्या रुंद भागावर दोन छोट्या त्रिकोणी कूर्चा बसलेल्या, आणि सगळी मेख त्यांच्यात आहे. कडांची मागची टोकं त्यांना जोडलेली असतात. बोटांनी त्या दोन एकत्र दाबल्या की फट मिटते, सोडल्या की उघडते. अन्न श्वासनळीत जाऊ नये म्हणून झाकण टाकणारी पानासारखी कूर्चा सर्वांत वर.

या यंत्राचं पहिलं काम बोलणं नाहीच. श्वासाची वाट राखणं हे पहिलं. सोयाबीनचं पोतं उचलताना माणूस 'हं' करून दम कोंडतो, तेव्हा याच कडा घट्ट मिटून छातीत हवा अडवतात आणि धड ताठ राहतं. मुलाने लगेच अंगणातलं अर्धं पोतं उचलून पाहिलं आणि म्हणाला, खरंच.

मग श्वासनळीत पाइप बसवला, त्या दोन कूर्चा चिमटीत धरल्या आणि ट्यूबवर एकाला बसवलं. आधी फुर्र झालं. चिमूट थोडी सैल केली आणि सूर लागला. मेलेल्या बकऱ्याच्या गळ्यातून. ओल्या कडा चमकत होत्या आणि थरथरून धूसर दिसत होत्या. आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प होतो.

1950 साली फ्रान्सच्या राऊल ह्यूसाँ यांनी मांडलं होतं की कडांची प्रत्येक थरथर मेंदूकडून येणाऱ्या वेगळ्या संदेशाने होते. सेकंदाला 200 थरथरी, तर 200 संदेश. पण आमच्या ताटातल्या नरड्याला ना मेंदू होता ना मज्जातंतू, आणि ते वाजलं. 1958 साली नेदरलँड्सच्या व्हान डेन बर्ग यांनी हवा आणि लवचीकपणा मिळून आवाज कसा होतो याची नीट मांडणी केली. मेंदू कडा जवळ आणतो, ताणतो, सैल करतो. थरथरवते ती हवा.

4 डिसेंबर

एका मुलीचे बाबा गवंडी आहेत. त्यांची लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, यू आकारात पट्टीवर बांधली, लाल शाईचं पाणी भरलं. एका टोकाने दाब दिला की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटिमीटरमध्ये वाचता येतो.

आपल्या फुप्फुसातला दाब मोजायची युक्ती सोपी आहे. नळीचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरायचं आणि 'पप्पा' म्हणताना जोडाक्षरावर ओठ जरा मिटलेले ठेवायचे. त्या क्षणी ओठ बंद, गळा उघडा, म्हणून तोंडातला दाब आणि फुप्फुसातला दाब एकच होतो. साध्या बोलण्यात मुलांचे आकडे 6 ते 9 सेंटिमीटर आले. मोठ्याने हाक मारल्यासारखं म्हटलं तर 15 च्या वर. कपभर चहाची खोली जेमतेम एवढी असते, तेवढ्या दाबावर आपलं सगळं बोलणं चालतं. आमच्या रबराला मात्र सूर धरायला 14 लागले.

7 डिसेंबर

मोठ्या मुलाचा आवाज दोन महिन्यांपासून फुटतोय, म्हणून तो प्रदर्शनात बोलायला तयार नव्हता. त्याला सांगितलं, तुझ्याशिवाय हा प्रकल्प पुरा होत नाही. मराठीत याला 'कंठ फुटणे' म्हणतात, पोपटालाही कंठ फुटतो. वयात येताना मुलग्यांची ढालीची कूर्चा पुढे वाढते, तिचा कोन मोठ्या पुरुषात साधारण 90 अंशांचा होतो, बायकांत 120. पुढे वाढलेल्या कूर्चेबरोबर कडाही लांब आणि जाड होतात. पुस्तकात पुरुषांसाठी 20 मिलिमीटर आणि बायकांसाठी 15 दिले आहेत. लांब जाड कडा सावकाश थरथरतात, म्हणून सूर खाली येतो. वाढ भरभर होते आणि स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर आवाज मधेच वर उडी मारतो.

फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपवर लहान मुली 260 ते 290 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढ्या थरथरी), मी 190, तो 140. बोलता बोलता एकदम 270 वर गेला आणि स्वतःच आकड्याकडे बघत राहिला. नंतर त्याने स्वतःहून विचारलं की तो भाग मी समजावून सांगू का.

9 डिसेंबर

आज नशिबाने एक गोष्ट दिसली. अंगणात उन्हात नमुन्याचा व्हिडिओ घेतला. नुसत्या डोळ्यांना रबर धूसर दिसतं, पण व्हिडिओत कडा अगदी सावकाश उघडताना आणि मिटताना दिसल्या! ॲप पाहिलं तर सूर 121 हर्ट्झ. फोन सेकंदाला 30 चित्रं घेतो. 121 थरथरींत 30 चित्रं म्हणजे दर चित्राला चार थरथरी आणि थोडं जास्त. ते 'थोडं जास्त' साठत जातं आणि एक सावकाश थरथर दिसते. डॉक्टरांनी लुकलुकत्या प्रकाशात माझ्या कडा अशाच संथ करून दाखवल्या होत्या.

1854 साली पॅरिसमध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन टाकलं आणि स्वतःच्या गळ्यातल्या कडा गाताना पाहिल्या. पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. तो डॉक्टर नव्हता. आपले विद्यार्थी गातात तेव्हा आत काय होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. मुलांना हे सांगताना मला फार जवळचं वाटलं.

11 डिसेंबर

व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून एक उणीव कळली. आमचं रबर एकाच पातळीत फडफडतं. खऱ्या कडेला जाडी असते आणि वरची त्वचा आतल्या स्नायूवर सैल सरकते, तापलेल्या दुधावरच्या सायीसारखी.

तक्त्यांवर नेहमी लिहिलेलं असतं: हवा वेगाने गेली, दाब घटला, कडा ओढल्या गेल्या. ते अर्धंच आहे. उघडताना आणि मिटताना ओढ सारखीच असती तर थरथर विझली असती. झोका टिकायला दर फेरीला योग्य बाजूने धक्का लागतो. तो धक्का जाडीतून मिळतो. उघडताना कडेचा खालचा काठ आधी फाकतो, वरचा मागून. फट खाली रुंद, वर अरुंद, म्हणून आत दाब जास्त राहतो आणि कडा बाहेर ढकलल्या जातात. मिटताना खालचा काठ आधी मिटतो, फट वरून रुंद होते, दाब घटतो आणि कडा आत येतात. सायीवरून खालून वर लाट जावी तसं हे चालतं. हातमोज्याच्या पातळ रबराचे दोन थर घेऊन मधे ग्लिसरीनचा थेंब घातला. सूर आता 9 सेंटिमीटरवर धरतो, आवाजही मऊ झाला. माझी स्वतःची खरखर कशामुळे आहे तेही आज हाताला कळलं: उंचवट्यामुळे कडा पूर्ण मिटत नाहीत आणि साय मोकळी सरकत नाही.

14 डिसेंबर

मुलीने विचारलं, रबर नुसतं 'ऑ' करतं, 'आई' का म्हणत नाही? कारण त्याला तोंड नाही. कडांतून निघतो तो नुसता गुंजारव. आ, ई, ऊ घडतात वरच्या पोकळीत, जीभ आणि ओठ तिचा आकार बदलतात म्हणून.

नमुन्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची बाटली उलटी बसवून बाटलीच्या कडा मेणाने बंद केल्या. बुचातून ठिबकच्या 12 मिलिमीटरच्या नळीचा कोरा तुकडा काढला, उकळलेल्या पाण्याने धुतला. मुलीने ती नळी तोंडाच्या कोपऱ्यात धरली. स्वतःचा आवाज न काढता तिने फक्त तोंड हलवलं, 'आई'. आणि रबर 'आई' म्हणालं.

मग शब्दांचा पाऊस. 'मामा' छान आला. 'पाणी' म्हटलं तर 'बाणी' ऐकू आलं, 'ताई'ची 'दाई' झाली. हे मला सर्वांत आवडलं. व्याकरणात आपण अघोष आणि घोष अक्षरं पाठ करतो: क-ग, त-द, प-ब. जीभ आणि ओठ तेच, फरक फक्त कडा थरथरतात की नाही एवढा. आमचं रबर 'प'साठी थांबत नाही, म्हणून 'प'चा 'ब' होतो. गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' आणि 'म्म्म' म्हणा, लगेच कळेल. 'घ', 'ध', 'भ', आणि आपल्या 'म्हातारा', 'न्हाणं' यांतला तो ओलसर श्वास म्हणजे कडा थरथरत असतानाच किंचित फाकलेल्या. पण आमच्याकडे 'शाळा'ची 'शाया' होते त्याचा दोष कडांवर नाही, तिथे जीभ वळण बदलते.

घरी जाताना तीच मुलगी थांबली. "मॅडम, माह्या आबाजीच्या गयाले भोक हाय. त्याईले हे चालन का?"

18 डिसेंबर

तालुक्याचं प्रदर्शन. दुसरा क्रमांक. मोठा मुलगा दिवसभर बोलला.

22 डिसेंबर

मुलीच्या आबाजींना गाव काकाजी म्हणतं. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी त्यांच्या हाती असायची, सामुदायिक प्रार्थनेत पहिला आवाज त्यांचा. वर्षानुवर्षं बिडी. सहा वर्षांपूर्वी नागपूरला कर्करोगासाठी स्वरयंत्र काढलं. श्वास आता मानेवरच्या छिद्रातून चालतो, तोंडाकडे हवा येतच नाही. गळ्याला टेकवायचं बॅटरीचं यंत्र आहे, त्याने बोलतात, पण सगळं एकाच सुरात. ऑपरेशननंतर भजनाला बसतात, खंजिरी वाजवतात, तोंड उघडत नाहीत.

नमुना त्यांच्या ओसरीवर नेला. आधी समजावून सांगितलं: हवा ट्यूबमधून, थरथर रबरातून, शब्द तुमच्या तोंडातून. त्यांच्या श्वासाची वाट वेगळी असल्याने तोंडात हवा सोडायला धोका नव्हता, तरी मानेवरचं छिद्र नळीपासून दूर राहील याची काळजी घेतली. नळी नवी.

ट्यूबवर नात बसली. काकाजींनी नळी ओठात धरली आणि पहिल्या खेपेला नुसता गुंजारव आला. त्यांनी नळी जरा आत सरकवली, जीभ मोकळी केली. आणि 'जय गुरू' आलं. ज, य, ग, र, चारही घोष. एकही अक्षर बिघडलं नाही.

मग त्यांनी हाताने वर-खाली खूण केली. मला कळलं नाही, मोठ्या मुलाला कळलं. रबराच्या एका टोकाला ताण द्यायला आम्ही दोरी बांधली होती, ती ओढली की सूर चढतो. गळ्यात हेच काम ढालीला अंगठीवर पुढे झुकवणारा एक छोटा स्नायू करतो. मुलाने दोरी धरली आणि काकाजींच्या हाताकडे बघत ओढू लागला. काकाजी ओठ हलवत होते, हात चढला की सूर चढायचा, उतरला की उतरायचा, अर्धा क्षण उशिरा. चाल ओळखू येत होती. काकू चुलीपासून उठून दारात आल्या.

अर्धा क्षण उशीर काकाजींना खपेना. दोन ओळी झाल्यावर त्यांनी मुलाच्या हातातून दोरी काढून घेतली, बोटाला दोन वेढे दिले, आणि नातीला ट्यूबवर नीट बसायची खूण केली.